‘पंच-ड्रंक लव्ह’ आणि दुभंगलेला प्रेक्षक : रसविरोधाच्या अंगाने एक चिकित्सा

प्रास्ताविक

एखाद्या चित्रपटाविषयी प्रेक्षकांची मते दुभंगतात तेव्हा समीक्षा बहुधा दोन सोप्या वाटांपैकी एक धरते. चित्रपट फसला असे म्हणून ती मोकळी होते, किंवा प्रेक्षकच अरसिक होता असा निर्वाळा देते. या दोन्ही वाटांनी मूळ प्रश्न अनुत्तरित राहतो. एकच कलाकृती एकाच वेळी काहींना अत्यंत हृद्य आणि काहींना असह्य का वाटते, हा तो प्रश्न होय. प्रतिकूल मत हासुद्धा आस्वादाचाच एक पुरावा असतो आणि तो पुरावा तपासल्याशिवाय कलाकृतीचे मूल्यमापन पूर्ण होत नाही.

पॉल थॉमस अँडरसन या अमेरिकन दिग्दर्शकाचा ‘पंच-ड्रंक लव्ह’ (२००२) हा चित्रपट या दृष्टीने अभ्यासण्याजोगा आहे. वेगळ्या वाटेची प्रणयप्रधान सुखात्मिका म्हणून तो ओळखला जातो. प्रस्तुत लेखात या चित्रपटाविषयीच्या परस्परविरोधी मतांची कारणमीमांसा भारतीय साहित्यशास्त्रातील रसविरोधाच्या संकल्पनेच्या साहाय्याने केली आहे. अमेरिकन चित्रपटाला रससिद्धांत लावणे काहींना अप्रस्तुत वाटण्याची शक्यता आहे. परंतु रसचर्चा ही मुळात नाट्याच्या प्रेक्षकाला येणाऱ्या अनुभवाची चर्चा आहे. कलाकृती कोणत्या देशात जन्मली यापेक्षा प्रेक्षकाच्या मनात काय घडले याच्याशी तिचा अधिक संबंध आहे. ‘सारे काही आपल्या शास्त्रात होतेच’ असा दावा येथे अभिप्रेत नाही. एका नेमक्या पेचाचे वर्णन करण्यास ही परिभाषा उपयोगी पडते, एवढेच येथे गृहीत धरले आहे.

चित्रपट आणि त्याचे स्वागत

चित्रपटाचे कथानक थोडक्यात असे आहे. लॉस एंजेलिसजवळच्या सॅन फर्नांडो खोऱ्यात बॅरी ईगन हा तरुण एका गोदामातून शौचालय तुंबल्यावर वापरायचे रबरी दट्टे, तेही शोभिवंत दांड्यांचे, विकण्याचा व्यवसाय करतो. त्याला सात बहिणी आहेत. लहानपणापासून त्यांच्या चेष्टेचा विषय झालेला हा माणूस वरवर अतिशय नम्र, भिडस्त आणि गोंधळलेला आहे. आतमध्ये मात्र दाबून ठेवलेला राग आहे आणि तो अधूनमधून काचा फोडून बाहेर येतो. एकाकीपणातून तो एका रात्री पैसे देऊन दूरध्वनीवर प्रणयी संभाषण करतो आणि खंडणीखोरांच्या जाळ्यात सापडतो. त्याच सुमारास बहिणीची सहकारी लीना त्याच्या आयुष्यात येते. खंडणीखोरांचा ससेमिरा आणि लीनेचे प्रेम या दोन धाग्यांतून ९५ मिनिटांचा हा चित्रपट पुढे सरकतो.

चित्रपटाला मिळालेला प्रतिसाद विलक्षण विषम होता. २००२ च्या कान महोत्सवात अँडरसन यांना सर्वोत्कृष्ट दिग्दर्शकाचा पुरस्कार दक्षिण कोरियाचे दिग्दर्शक इम क्वोन-तेक यांच्यासमवेत विभागून मिळाला. बॅरीची भूमिका करणारे ॲडम सँडलर यांना गोल्डन ग्लोबचे नामांकन लाभले. समीक्षकांपैकी अनेकांनी चित्रपटाची मनापासून प्रशंसा केली. याउलट चित्रपटगृहातून बाहेर पडणाऱ्या प्रेक्षकांकडून श्रेणी घेणाऱ्या सिनेमास्कोअर या अमेरिकन संस्थेच्या पाहणीत चित्रपटाला ‘डी-प्लस’ अशी श्रेणी मिळाली. ही पाहणी ‘ए-प्लस’पासून ‘एफ’पर्यंतच्या श्रेणींत केली जाते, हे लक्षात घेतले म्हणजे प्रेक्षकांच्या नाराजीची तीव्रता ध्यानात येते. सुमारे २ कोटी ५० लाख डॉलर खर्चून निर्माण झालेल्या या चित्रपटाचे जगभरातील तिकीट उत्पन्नही जेमतेम तेवढेच झाले. पुढील काळात मात्र चित्रपटाविषयीचा आदर वाढत गेला. २०१६ मध्ये अभिजात चित्रपटांच्या आवृत्त्या काढणाऱ्या क्रायटेरियन या प्रकाशनसंस्थेने तो आपल्या संग्रहात घेतला.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. सिनेमास्कोअरची श्रेणी ही कलाकृतीच्या गुणवत्तेचे मोजमाप नव्हे. चित्रपट प्रदर्शित होताच जे प्रेक्षक उत्सुकतेने धाव घेतात, त्यांची अपेक्षा किती पुरी झाली याचे ते मोजमाप आहे. म्हणून ‘डी-प्लस’ ही श्रेणी वाचताना अपेक्षा कोणती होती, हे आधी विचारले पाहिजे.

नटाची प्रतिमा आणि प्रेक्षकाची अपेक्षा

२००२ पर्यंत ॲडम सँडलर हे अमेरिकेतील अत्यंत लोकप्रिय विनोदी नट होते. ‘हॅपी गिलमोर’ (१९९६), ‘द वॉटरबॉय’ (१९९८), ‘बिग डॅडी’ (१९९९) या चित्रपटांनी त्यांची एक ठाशीव प्रतिमा निर्माण केली होती. पोरकट, तापट, पण अंतरी निर्मळ असा हा नायक असे. शेवटच्या दोन चित्रपटांनी एकट्या अमेरिकेत प्रत्येकी १६ कोटी डॉलरहून अधिक उत्पन्न मिळवले होते. ‘पंच-ड्रंक लव्ह’च्या काही महिने आधीच आलेला ‘मिस्टर डीड्स’ही त्याच ठशाचा होता. दुसरीकडे अँडरसन हे ‘बूगी नाइट्स’ (१९९७) आणि तीन तासांहून अधिक लांबीचा ‘मॅग्नोलिया’ (१९९९) अशा बहुपात्री, गंभीर चित्रपटांसाठी प्रसिद्ध होते. या दोन नावांभोवती दोन वेगवेगळे प्रेक्षकवर्ग जमले होते. सँडलरसाठी आलेल्या प्रेक्षकाला नेहमीचे हसू मिळाले नाही. अँडरसनसाठी आलेल्या प्रेक्षकालाही एका विनोदी नटाभोवती फिरणारी, दीड तासाची प्रेमकथा स्वीकारण्यासाठी आपली अपेक्षा बदलावी लागली.

मराठी वाचकाला हा अनुभव सर्वस्वी अपरिचित नाही. जब्बार पटेल दिग्दर्शित ‘एक होता विदूषक’ (१९९२) या चित्रपटात लक्ष्मीकांत बेर्डे यांनी आपल्या रूढ प्रतिमेबाहेरची गंभीर भूमिका केली. पु. ल. देशपांडे यांच्या पटकथेवरील या चित्रपटाची जाणकारांनी वाखाणणी केली, परंतु बेर्डे यांच्या इतर चित्रपटांना लाभणारे व्यावसायिक यश त्याला लाभले नाही. लोकप्रिय विनोदी नट आणि प्रेक्षक यांच्यात एक अलिखित करार असतो. तो मोडला की प्रेक्षक आधी गोंधळतो आणि मग रुष्ट होतो.

तथापि दोन्ही उदाहरणांत एक महत्त्वाचा भेद आहे. ‘एक होता विदूषक’मध्ये विदूषकाच्या मुखवट्यामागील दुःख हा उघड विषय आहे, म्हणून गंभीर भूमिकेची सूचना प्रेक्षकाला लवकर मिळते. ‘पंच-ड्रंक लव्ह’मध्ये सँडलर आपली जुनी प्रतिमा टाकून देत नाहीत. तोच तापट, पोरकट नायक येथेही आहे. बदलली आहे ती त्याच्याकडे पाहण्याची दृष्टी. जो राग पूर्वीच्या चित्रपटांत हशा मिळवत असे, तोच येथे भीतिदायक आणि केविलवाणा वाटतो. सँडलर यांच्या पूर्वीच्या भूमिकांत दडलेला राग या चित्रपटामुळे प्रथमच उमगतो, अशा आशयाचे निरीक्षण समीक्षक रॉजर ईबर्ट यांनी नोंदवले होते आणि ते मार्मिक आहे. मात्र या निरीक्षणाचा दुसरा अर्थही ध्यानात घ्यायला हवा. ज्या प्रेक्षकाने आधीच्या चित्रपटांत त्या रागाला मनमुराद हसून दाद दिली होती, त्याला हा चित्रपट त्याच्या जुन्या हसण्याविषयी नकळत प्रश्न विचारतो. असा प्रश्न कोणालाही सुखावह वाटत नाही. प्रेक्षकांच्या नाराजीचा काही भाग येथून आला असावा.

रसविरोधाचा प्रश्न

नटाच्या प्रतिमेने नाराजीचा एक भाग उलगडतो, परंतु सर्व भाग उलगडत नाही. सँडलर यांचा एकही चित्रपट न पाहिलेल्या प्रेक्षकांचीही या चित्रपटाविषयी दोन मते होतात. म्हणजे पेच खुद्द कलाकृतीच्या रचनेत आहे.

भरताच्या नाट्यशास्त्रात शृंगार, रौद्र, वीर आणि बीभत्स हे चार मूळ रस मानले असून शृंगारापासून हास्य, रौद्रापासून करुण, वीरापासून अद्भुत आणि बीभत्सापासून भयानक यांची उत्पत्ती सांगितली आहे. प्रणयप्रधान सुखात्मिका हा प्रकार या मांडणीत सहज बसतो. तिच्यात शृंगार मूळ असतो आणि प्रेमिकांच्या गैरसमजांतून, फजितीतून, रुसव्यांतून हास्य उत्पन्न होते. फ्रँक काप्रा यांच्या ‘इट हॅपन्ड वन नाइट’ (१९३४) पासून चालत आलेली परंपरा स्थूलमानाने हीच आहे. प्रेक्षक या प्रकाराकडे येतो तेव्हा हास्य शृंगारातून यावे, ही त्याची अपेक्षा असते.

‘पंच-ड्रंक लव्ह’मध्ये हास्याचा उगम बहुतांशी रौद्रात आहे. वाढदिवसाच्या समारंभात बहिणी बॅरीची जुनी चेष्टा उकरून काढतात आणि तो शांतपणे उठून दिवाणखान्याची काचेची दारे लाथांनी फोडतो. लगेच पुढच्या प्रसंगात तो आपल्या मेहुण्याला एका बाजूला घेऊन संकोचाने सांगतो, की स्वतःविषयी त्याला काही वेळा बरे वाटत नाही, आपल्याला वैद्यकीय मदत मिळेल काय. मेहुणा दंतवैद्य आहे! प्रेक्षक हसतो आणि त्याच क्षणी बॅरीला रडू कोसळते. भरताच्या सूत्रानुसार रौद्रातून करुण निर्माण झाला, हे योग्यच झाले. परंतु त्या दोहोंच्या मधोमध हास्य येऊन बसले. हसावे की हळहळावे, याचा निर्णय प्रेक्षकाला करता येत नाही. ज्यांना ही अनिश्चिती अर्थपूर्ण वाटते ते चित्रपटाचे चाहते होतात. ज्यांना ती आपली फसवणूक वाटते ते विरोधक होतात.

उत्तरकालीन साहित्यशास्त्राने शृंगार आणि रौद्र हे परस्परविरोधी रस मानले आहेत. हास्य आणि करुण यांचेही वैर सांगितले आहे. असे विरोधी रस एकत्र आल्यास आस्वादाला बाधा येते. आनंदवर्धनाने ‘ध्वन्यालोका’च्या तिसऱ्या उद्योतात या विरोधाच्या परिहाराचे मार्ग दाखवले आहेत. विरोधी रसांपैकी एकाला दुसऱ्याचे अंग करावे, त्यांचे आश्रय भिन्न ठेवावेत, किंवा दोहोंच्या मध्ये तिसऱ्या अविरोधी रसाची योजना करावी, असे ते स्थूलमानाने मार्ग होत.

रूढ सुखात्मिका यांपैकी दुसऱ्या मार्गाचा अवलंब करते. तिच्यात क्रोध खलनायकाकडे किंवा खाष्ट वडिलांकडे असतो आणि प्रेम नायकाकडे असते. आश्रय भिन्न असल्यामुळे विरोध उत्पन्न होत नाही. अँडरसन यांनी हा सोयीचा मार्ग नाकारला आहे. बॅरी हाच शृंगाराचा आणि रौद्राचा एकमेव आश्रय आहे. लीनेबरोबरच्या पहिल्या भेटीतच हे स्पष्ट होते. उपाहारगृहात दोघांचे संभाषण रंगात आलेले असताना लीना बॅरीच्या लहानपणची, बहिणीकडून ऐकलेली एक गोष्ट काढते. तो ती नाकारतो, शांतपणे प्रसाधनगृहात जातो आणि तेथील सामानाची मोडतोड करून परततो. शेवटी दोघांना तेथून बाहेर पडावे लागते. या प्रसंगातील क्रोधाला प्रत्यक्ष आलंबन नाही. समोर बसलेल्या लीनेवर तो रागावलेला नाही. केवळ एका उल्लेखाने उद्दीपित झालेला हा जुना क्रोध निर्जीव वस्तूंवर निघतो. प्रेमाचा प्रसंग आणि क्रोधाचा प्रसंग यांत फक्त एका दाराचे अंतर आहे. काही प्रेक्षकांना हा प्रसंग चित्रपटातील सर्वांत प्रामाणिक वाटतो, तर काहींचा रसभंग नेमका येथेच होतो.

यात ध्वनियोजनेचाही मोठा वाटा आहे. गोदामातील प्रसंगात बहिणींचे एकामागून एक येणारे दूरध्वनी, माल उचलणाऱ्या यंत्राचा अपघात, लीनेचे आगमन आणि संगीतकार जॉन ब्रायन यांचे अस्वस्थ तालवाद्यांचे पार्श्वसंगीत यांची एकत्र गर्दी केली आहे. न. चिं. केळकर यांनी साहित्यानंदाची उपपत्ती सांगताना सविकल्प समाधीची कल्पना मांडली होती. वाचक दुसऱ्याच्या भूमिकेत शिरतो, पण स्वतःचे भान सोडत नाही, हे तिचे मर्म. या प्रसंगात प्रेक्षकाला स्वतःचे भान राखण्याची उसंतच मिळत नाही. बॅरीच्या डोक्यातील गलबला थेट प्रेक्षकाच्या कानांत ओतला जातो. त्यामुळे आस्वादासाठी लागणारे अंतर संपते. ‘डोके दुखले’ ही सामान्य प्रेक्षकाची तक्रार म्हणूनच अडाणीपणाची नाही. दिग्दर्शकाने योजलेल्या परिणामाचे ते अगदी अचूक वर्णन आहे.

अद्भुताचा सेतू

आनंदवर्धनाने सांगितलेला तिसरा मार्ग, म्हणजे मध्ये अन्य रसाची योजना, हा या चित्रपटाचा खरा आधार आहे. याचे उदाहरण म्हणून आनंदवर्धनाने शांत आणि शृंगार यांची योजना असलेल्या ‘नागानंद’ नाटकाचा निर्देश केला आहे; तेथे या दोहोंच्या मध्ये अद्भुत येतो. अँडरसन यांनीही रौद्र आणि शृंगार यांच्या मध्ये अद्भुतच योजला आहे.

चित्रपटाच्या आरंभी पहाटेच्या निर्मनुष्य रस्त्यावर एक मोटार अकस्मात उलटते आणि पाठोपाठ एक वाहन थांबून रस्त्याच्या कडेला एक हार्मोनियम ठेवून निघून जाते. या दोन्ही घटनांचे कारण चित्रपट कधीच सांगत नाही. पहिली घटना हिंसक आहे आणि दुसरी कोमल आहे. चित्रपटातील दोन्ही विरोधी रसांची बीजे या एकाच अद्भुत प्रसंगात पेरलेली आहेत. पुढे बॅरी ते वाद्य गोदामात आणतो, त्याचे सूर चाचपून पाहतो आणि अखेरीस तेच उचलून लीनेच्या दाराशी नेतो. प्रसंगांच्या मध्ये येणाऱ्या, जेरेमी ब्लेक यांच्या वाहत्या रंगांच्या अमूर्त कलाकृती आणि रॉबर्ट एल्सविट यांच्या छायाचित्रणातील बॅरीचा सततचा निळा सूट हेही याच अद्भुताचे घटक होत. हवाईमधील मीलनाच्या प्रसंगी तर दोघे केवळ छायाकृती म्हणून दिसतात. त्या आधी ऐकू येणारे गीत रॉबर्ट ऑल्टमन यांच्या ‘पॉपाय’ (१९८०) या चित्रपटातून घेतलेले आहे. एका व्यंगचित्रपात्रावरील चित्रपटातील गीत येथे योजून बॅरीचे प्रेम वास्तवाच्या पातळीवरून अलगद उचलले जाते.

ज्या प्रेक्षकाच्या मनात हा अद्भुताचा सेतू उभा राहतो तो क्रोधाच्या काठावरून प्रेमाच्या काठावर पोहोचतो. ज्याच्या मनात तो उभा राहत नाही, त्याच्यासमोर दोन तुटक काठ उरतात. अभिनवगुप्ताने सांगितलेल्या रसविघ्नांत पहिले विघ्न संभाव्यतेच्या अभावाचे आहे. जे घडते ते घडू शकेल अशी प्रतीती नसेल तर मन तेथे विसावत नाही. हार्मोनियम कोठून आले, हा प्रश्न विचारणारा प्रेक्षक या विघ्नाने अडलेला असतो. त्याला दोष देता येत नाही. कारण उर्वरित चित्रपट पुरेसा वास्तववादी आहे आणि त्याने कोणत्या नियमाने पाहावे हे चित्रपट त्याला सांगत नाही.

येथे एक विरोधाभास नोंदवण्याजोगा आहे. प्रेक्षकांना सर्वांत अविश्वसनीय वाटणारा भाग म्हणजे विमानप्रवासाचे मैल मिळवण्यासाठी बॅरीने पुडिंगच्या डब्यांचे ढीग विकत घेणे. वस्तुतः चित्रपटातील हाच भाग सत्यघटनेवर आधारलेला आहे. १९९९ मध्ये कॅलिफोर्नियातील एका स्थापत्य अभियंत्याने एका खाद्यपदार्थ कंपनीच्या बक्षीस योजनेतील त्रुटी हेरून पुडिंगचे १२ हजारांहून अधिक डबे घेतले आणि १२ लाखांहून अधिक मैल मिळवले. सत्य असणे आणि संभाव्य वाटणे या भिन्न गोष्टी आहेत, याचे याहून चांगले उदाहरण मिळणे कठीण. शिवाय पूर्वी कधीही विमानात न बसलेला माणूस एवढे मैल साठवतो, यातील केविलवाणी आशा पुढे लीनेमुळे सार्थ होते.

प्रेक्षकाच्या पूर्वसंस्कारांचाही येथे विचार करावा लागेल. अमेरिकन प्रेक्षकाला हार्मोनियम हे बहुधा अनोळखी, विस्मृत वाद्य आहे; चित्रपटात त्याला चक्क पियानो म्हटले जाते. भजनात, कीर्तनात आणि नाट्यसंगीतात पेटी ऐकत वाढलेल्या मराठी प्रेक्षकाला तिच्यात अद्भुत वाटावे असे काही नाही. तिचा भाता, भात्यातील हवा आणि स्वर यांचा संबंध त्याला ठाऊक असतो. म्हणून कोंडलेल्या श्वासाला सूर सापडण्याचे जे रूपक चित्रपटात अव्यक्त आहे, ते त्याला कदाचित अधिक लवकर जाणवेल. मात्र रस्त्यात अवतरलेल्या वस्तूचा विस्मय त्याच्या बाबतीत काहीसा उणावेल.

क्रोधाकडून उत्साहाकडे

चित्रपटाच्या उत्तरार्धात आनंदवर्धनाचा पहिला मार्गही दिसू लागतो. रौद्र हळूहळू शृंगाराचे अंग बनतो. खंडणीखोरांनी पाठवलेले भाऊ बॅरीच्या मोटारीला धडक देतात आणि लीनेला दुखापत होते. या क्षणी बॅरीच्या क्रोधाला प्रथमच योग्य आलंबन मिळते. आतापर्यंत काचा आणि भिंती झेलत आलेला राग आता नेमक्या अपराध्यांवर कोसळतो.

यापुढचा टप्पा अधिक महत्त्वाचा आहे. बॅरी दूरध्वनीचा रिसीव्हर हातात तसाच धरून युटा राज्यातील प्रोव्हो येथे खंडणीखोरांच्या म्होरक्यापर्यंत पोहोचतो. गाद्यांच्या दुकानाचा हा मालक फिलिप सेमूर हॉफमन यांनी रंगवला आहे. रूढ चित्रपटात येथे हाणामारी झाली असती. येथे मात्र एकही ठोसा लगावला जात नाही. आपल्या आयुष्यात प्रेम आले आहे आणि त्यामुळे आपल्याला बळ आले आहे, एवढेच बॅरी सांगतो आणि प्रकरण मिटवून परततो. रौद्राचा स्थायीभाव क्रोध असतो आणि वीराचा उत्साह. या प्रसंगात क्रोधाचे रूपांतर उत्साहात झालेले दिसते. चित्रपटाचा खरा प्रवास एकाकीपणाकडून प्रेमाकडे जितका आहे, तितकाच क्रोधाकडून उत्साहाकडे आहे. हा प्रवास ध्यानात आला की चित्रपटाची रचना विस्कळीत आहे हा आक्षेप बराचसा निराधार ठरतो.

लीनेचा प्रश्न

प्रतिकूल मतांपैकी एक आक्षेप मात्र केवळ अपेक्षाभंगातून किंवा रसविघ्नातून आलेला नाही. तो लीनेच्या व्यक्तिरेखेविषयी आहे आणि त्याचा स्वतंत्र विचार करणे अगत्याचे आहे.

एमिली वॉटसन यांनी लीनेची भूमिका अतिशय संयत केली आहे. लीना निष्क्रियही नाही. बॅरीचे छायाचित्र पाहून त्याला भेटण्यासाठी मोटार दुरुस्तीचे निमित्त तिनेच काढलेले असते. भेटीगाठींत पुढाकारही तिचाच असतो. परंतु अशा माणसाकडे ती का ओढली जाते, याचे उत्तर चित्रपटात नाही. बॅरीच्या रागाला बालपण आहे, बहिणी आहेत, अपमानांचा इतिहास आहे. लीनेच्या प्रेमाला मात्र कसलीही पूर्वपीठिका नाही. प्रसाधनगृहाची मोडतोड झाल्याचे पाहूनही तिच्या मनात क्षणभर शंका उमटत नाही. रुग्णालयात तिला एकटी सोडून गेलेल्या बॅरीला ती एका कबुलीवर क्षमा करते. एकांतातील त्यांच्या लाडिक बोलण्यातही हिंसेचेच शब्द येतात आणि तीही त्यात तितक्याच सहजतेने सामील होते.

हा प्रसंग अद्भुताच्या नियमाने पाहिला तर मोहक आहे. दोन विक्षिप्त जीवांना एकमेकांची भाषा सापडल्याची ती खूण ठरते. परंतु ज्या प्रेक्षकाने, विशेषतः ज्या स्त्री-प्रेक्षकाने, घरात अशा अनावर रागाचा प्रत्यक्ष अनुभव घेतला आहे, तिला हे मोहक वाटेलच असे नाही. स्वतःच्या सुखदुःखाने विवश होणे हेही अभिनवगुप्ताने एक रसविघ्न मानले आहे. शास्त्राच्या दृष्टीने ही प्रेक्षकाची मर्यादा ठरेल. आधुनिक समीक्षेला मात्र येथे थांबता येणार नाही. प्रेक्षकाच्या अनुभवाने उभे केलेले विघ्न जर कलाकृतीतील एका रिकाम्या जागेकडे बोट दाखवत असेल, तर ते विघ्न राहत नाही, तो आक्षेप होतो. पुरुषाच्या क्रोधाचे सखोल आकलन आणि स्त्रीच्या स्वीकाराचे गृहीतक, असा असमतोल या चित्रपटात आहे. रौद्र शृंगाराचे अंग बनला हे खरे. परंतु त्याची किंमत लीनेच्या व्यक्तिरेखेने चुकवली आहे. सात बहिणींचे चित्रणही बहुतांशी एका गोंगाटाच्या स्वरूपात आहे, त्यांपैकी एकीचेच व्यक्तित्व काहीसे वेगळे जाणवते. चित्रपटाच्या चाहत्यांनी या असमतोलाकडे सहसा काणाडोळा केला आहे.

समारोप

वरील विवेचनातून ‘पंच-ड्रंक लव्ह’विषयीच्या मतभेदाचे तीन स्तर स्पष्ट होतात. पहिला स्तर नटाच्या प्रतिमेमुळे झालेल्या अपेक्षाभंगाचा आहे. तो तात्कालिक होता आणि काळाबरोबर बराचसा विरला. ‘अनकट जेम्स’ (२०१९) सारख्या चित्रपटानंतर सँडलर यांच्या गंभीर अभिनयाचे पूर्वीइतके आश्चर्य उरलेले नाही. दुसरा स्तर रसविरोधाचा आहे. एकाच आश्रयाच्या ठायी शृंगार आणि रौद्र आणून अद्भुताने त्यांचा सांधा जुळवण्याचा प्रयत्न चित्रपट करतो. हा प्रयत्न प्रत्येक प्रेक्षकाच्या मनात सिद्ध होईलच असे नाही. हा मतभेद काळाने मिटणारा नाही, कारण तो रचनेतच आहे. तिसरा स्तर लीनेच्या अपुऱ्या व्यक्तिरेखेचा आहे आणि तेथे प्रतिकूल मताची बाजू न्याय्य आहे.

या तीन स्तरांची गल्लत केली की चर्चा निष्फळ होते. चाहते पहिल्या स्तराचे उत्तर देऊन तिसराही आक्षेप निकालात काढतात. विरोधक तिसऱ्या स्तरावरील उणीव दाखवून दुसऱ्या स्तरावरील साहसही नाकारतात. ‘पंच-ड्रंक लव्ह’ ही सदोष, परंतु सुखात्मिकेच्या शक्यता वाढवणारी कलाकृती आहे. सुखात्मिकेत ज्या क्रोधाला आजवर खलनायकाच्या घरी ठेवले जात असे, त्याला तिने नायकाच्या घरी आणले आणि तेथेच त्याची सोडवणूक शोधली. त्या घरात येणाऱ्या स्त्रीलाही तितकेच पूर्ण आयुष्य देण्याचे काम मात्र तिने अपुरे सोडले आहे. ‘डी-प्लस’ देणाऱ्या प्रेक्षकांपैकी काहींनी कदाचित हेच, पण अन्य शब्दांत सांगितले असावे. त्यांचे म्हणणे ऐकून घेणे हा समीक्षेच्या कर्तव्याचाच भाग होय.